जे तक्रार करू शकत नाहीत, त्यांच्यासाठी तपासणी

मराठवाड्यातल्या शहरांत वृद्धांना दिवसभर सांभाळणारी केंद्रे आता दिसू लागली आहेत. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर अशा ठिकाणी नव्या वसाहतीतला एखादा बंगला भाड्याने घेतलेला असतो. सकाळी व्हॅन घरोघरी जाऊन आजी-आजोबांना घेऊन येते. नाश्ता, गोळ्या, थोडा व्यायाम, भजन, जेवण, दुपारची झोप असा दिवस जातो आणि मुलगा-सून कामावरून परतायच्या सुमारास त्यांना घरी पोहोचवले जाते. अशा केंद्रांना परवाना सक्तीचा असावा का आणि परवाना दिल्यानंतर ठरावीक काळाने त्यांची तपासणी व्हावी का, यावर ज्येष्ठ नागरिक संघांच्या बैठकांत आणि घराघरांत जो वाद चालतो, तो मला अत्यंत निराश करणारा वाटतो. एक बाजू म्हणते, सेवाभावाने चाललेल्या कामामागे इन्स्पेक्टरचे शुक्लकाष्ठ लावू नका. दुसरी बाजू कुठल्यातरी केंद्रातल्या हेळसांडीची बातमी पुढे करून म्हणते, धाडी घाला, कुलपे ठोका. पहिली बाजू चालकांच्या हेतूबद्दल बोलते, दुसरी गुन्हेगारांबद्दल. पण त्या केंद्रातल्या खुर्चीवर रोजचे सात-आठ तास बसणाऱ्या माणसाचे काय होते आणि ते बाहेर कसे कळावे, हा मूळ प्रश्न दोघांच्याही बोलण्यात येत नाही.

माझे मत आधीच सांगते. या केंद्रांना परवाना हवा, त्यांची नियमित तपासणी हवी, ती न कळवता व्हायला हवी आणि तिचा अहवाल कुटुंबीयांना वाचता यायला हवा. कुणाचीही तक्रार आलेली नसताना, केंद्राचे नाव चांगले असताना, चालक सज्जन असतानाही ती व्हायला हवी. ‘तक्रार आली की बघू’ ही पद्धत जिथे सेवा घेणारा स्वतः पैसे देतो, स्वतः पारखतो आणि पटले नाही तर उठून दुसरीकडे जातो, तिथे चालून जाते. इथे तसे काहीच नाही. पैसे देणारा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, केंद्र निवडणारी सून बँकेत किंवा शाळेत आहे आणि तिथे बसणाऱ्या सासूबाईंना सकाळी काय खाल्ले हे दुपारी आठवत नाही. भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असावा, म्हणजे ही संख्या ऐंशी लाखांच्या पुढे जाते, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाने मांडला आहे. दिवसभर सांभाळाची खरी गरज ज्या कुटुंबांना आहे, त्यांत अशा रुग्णांचे प्रमाण साहजिकच अधिक असणार. आणि ज्यांची स्मृती शाबूत आहे, ते तरी सांगतात का? ‘पोरांना आधीच माझा त्रास, त्यात आणखी कशाला’ हे वाक्य आपल्यापैकी कुणी ऐकलेले नाही? केंद्र बंद झाले तर दिवसभर घरात कुलपाआड बसावे लागेल, ही भीती तर प्रत्येकाच्या मनात असतेच. म्हणून अशा ठिकाणी तक्रार न येणे हा सारे ठीक चालल्याचा पुरावा मानता येत नाही.

जवळच्या परिचयातले एक उदाहरण देते. एक निवृत्त शिक्षक, शुगर असलेले, रोज जेवणाआधी इन्सुलिन घेणारे. केंद्रातल्या नोंदवहीत रोज जेवणाची वेळ साडेबारा लिहिलेली असे. प्रत्यक्षात डबे बाहेरून यायचे आणि ते कधी सव्वाला, कधी दोनला पोहोचायचे. मावशी मात्र वेळेच्या पक्क्या. साडेबाराला जेवण म्हणून बाराला इंजेक्शन त्या न चुकता देत. पुढचा दीड-दोन तास सरांना घाम फुटायचा, हात थरथरायचे, बोलणे अडखळायचे आणि भोवतालचे लोक ते वयाच्या खात्यात टाकायचे. त्याच केंद्रातल्या संडासाच्या दाराशी एक उंच पायरी होती, धरायला कठडा नव्हता. ती पायरी टाळता यावी म्हणून सर सकाळपासून पाणीच कमी पीत. घरच्यांना हे सारे एका दुपारी त्यांना दवाखान्यात न्यावे लागले तेव्हा उलगडले. या गोष्टीत खलनायक कुणीच नाही. मावशी प्रेमळ होत्या, चालक प्रामाणिक होते, भजन रोज होत होते. न कळवता दुपारी साडेबाराला येऊन ताटे लागली आहेत का एवढे पाहणारा एक माणूस तिथे कधी आला नव्हता, इतकेच.

म्हणूनच ‘सेवाभावाचा अपमान’ या आक्षेपाला मी पहिले उत्तर देते, कारण तो मनापासून घेतला जातो. ही केंद्रे चालवणाऱ्या अनेकांनी नोकऱ्या सोडल्या आहेत, पदरचे पैसे घातले आहेत. दुसऱ्याच्या आईचे डायपर बदलण्याचे काम पगारासाठी करणाऱ्या मावशींचे मोल पगारात होत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. पण आपल्याकडच्या सेवाभावी संस्था तपासणीखाली नाहीत का? सार्वजनिक न्यासांचा कायदा १९५० पासून आहे आणि प्रत्येक नोंदणीकृत न्यासाला दरवर्षी हिशोब तपासून घेऊन धर्मादाय कार्यालयाला सादर करावा लागतो. देवस्थाने देतात, गोशाळा देतात, शिक्षणसंस्था देतात. त्यात कुणाला आपल्या भक्तीचा किंवा त्यागाचा अपमान वाटत नाही, कारण देणगी देणारा वहीत डोकावू शकत नसतो आणि त्याच्या वतीने कुणीतरी डोकवावे हे सर्वांना पटलेले असते. पैशाचा हिशोब देण्यात कमीपणा नसेल, तर सोपवलेल्या माणसाचा हिशोब देण्यात तो का असावा?

मुलांच्या बाबतीत आपण हे केव्हाच मान्य केले आहे. बालन्याय कायदा २०१५ नुसार निराधार मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला नोंदणी सक्तीची आहे. तपासणी समितीने दर तीन महिन्यांनी किमान एकदा तिथे गेले पाहिजे, पथकात किमान तीन सदस्य हवेत, त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी हवा आणि आठवडाभरात अहवाल दिला पाहिजे, इतके सारे कायद्यातच लिहिलेले आहे. ज्येष्ठांसाठीच्या २००७ च्या कायद्यात काय आहे? त्याच्या कलम १९ मध्ये, राज्य सरकारने प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांना सामावणारा एक तरी वृद्धाश्रम उभारावा, असे सुचवले आहे आणि तेही ‘उभारू शकेल’ अशा भाषेत. दिवसा सांभाळणाऱ्या केंद्रांचा विचार त्या कायद्याने केला नाही, कारण २००७ साली आपल्या डोळ्यासमोर घर आणि वृद्धाश्रम हे दोनच पर्याय होते. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न होता. वृद्धाश्रमांबरोबर दिवसा सेवा देणारी केंद्रे आणि घरपोच शुश्रूषा पुरवणाऱ्या संस्था यांची नोंदणी, त्यांच्यासाठी किमान मानके, देखरेख हे सारे त्यात होते. विधेयक स्थायी समितीकडे गेले, पुढे मंजूर झाले नाही आणि २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली तेव्हा तेही व्यपगत झाले. आज कुणाला असे केंद्र काढायचे असेल तर न्यासाची किंवा व्यवसायाची नोंदणी करावी, नोकर थोडेच असतील तर दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्याखाली केवळ सूचना द्यावी, स्वयंपाकघर असेल तर अन्न परवान्याचे पाहावे. इन्सुलिन कोण टोचते, पडल्यावर कोण उचलते, दाराबाहेर निघून गेलेली आजी किती वेळाने लक्षात येते, हे ठरलेल्या वेळी विचारणारा एकही कागद त्यात नाही.

आता विरोधी बाजूचे सर्वांत वजनदार म्हणणे. इन्स्पेक्टर म्हणजे पाकीट, हा आपला अनुभव आहे. तो खोटा आहे असे मी म्हणणार नाही. कारखाना, दुकान, खाणावळ काढणारा प्रत्येक मराठी माणूस हात ओले करण्याच्या दोन-चार कथा सांगू शकतो. तपासणी सुरू झाली की प्रामाणिक केंद्राला त्रास होईल आणि लबाड केंद्र पैसे चारून सुटेल, म्हणजे आहे त्यापेक्षा वाईट होईल, असा हा युक्तिवाद आहे. त्याचा विचार करताना मला मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास आठवतो. १८८१ साली हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा आला. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवू नये, त्यापुढच्या बारापर्यंतच्या मुलांकडून नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये, यंत्रांना कुंपण असावे, अशा आज वाचताना अंगावर काटा आणणाऱ्या किमान अटी त्यात होत्या. गिरणीमालकांचा आक्षेप होता की हा इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या कापडवाल्यांचा डाव आहे, देशी उद्योग बुडवण्यासाठी लावलेला फास आहे. गंमत करण्यासारखी ही गोष्ट नव्हे, कारण त्यात तथ्य होते. लँकेशायरच्या, म्हणजे मँचेस्टरच्या परिसरातल्या मालकांना मुंबईच्या गिरण्या खुपत होत्याच. पण कायदा मागणाऱ्याचा हेतू शुद्ध नव्हता म्हणून पट्ट्यात अडकणारा मुलाचा हात खोटा ठरत होता काय? कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी मँचेस्टरचा हेतू आणि कामगाराची गरज यांची गल्लत केली नाही. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेऊन सरकारी कमिशनपुढे स्वतःच्या मागण्या ठेवल्या आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. आजच्या वादातही तोच फरक करायला हवा. तपासणारा भ्रष्ट असू शकतो, हा तपासणाऱ्याला बांधून घेण्याचा मुद्दा आहे. त्यावरून आतल्या माणसाला तपासणीची गरज नाही असे सिद्ध होत नाही.

आणि तपासणाऱ्याला बांधून घेता येते. ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्र सरकारच्या श्रम विभागाने सुरू केलेल्या पोर्टलवर कुठल्या निरीक्षकाने कुठल्या आस्थापनेत जायचे हे संगणक ठरवतो आणि भेटीनंतर बहात्तर तासांत अहवाल चढवावा लागतो. त्याने सारी चिरीमिरी संपली असा दावा मी करणार नाही, पण ‘माझ्या भागातले दुकान’ ही जी निरीक्षकाची जहागीर असते, ती मोडण्याची वाट त्यातून दिसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अहवाल उघड असणे. अमेरिकेत ज्येष्ठांच्या डे केअर केंद्रांसाठी संपूर्ण देशाला लागू असा एक कायदा नाही. राज्ये आपापल्या पद्धतीने परवाने देतात आणि त्या पद्धतींत पुष्कळ फरक आहे. तरी कॅलिफोर्नियासारख्या राज्यात परवाना विभागाच्या माणसाने केंद्राला भेट दिल्यावर काय पाहिले, कुठली त्रुटी नोंदवली, हे कुणालाही संकेतस्थळावर वाचता येते. लाच मुख्यतः बंद फाइलीत फळते. अहवाल मुलीला मोबाइलवर वाचता येत असेल आणि दुसऱ्याच दिवशी ती स्वतः केंद्रात जाऊन ताडून पाहू शकत असेल, तर खोटे लिहिणाऱ्याची पंचाईत होते.

याहून अवघड आक्षेप दुसराच आहे, आणि वादात तो फारसा कुणी मांडत नाही याचे मला आश्चर्य वाटते. तपासण्या होतात आणि तरी काही दिसत नाही, हा तो आक्षेप. बिहारमधल्या मुजफ्फरपूरच्या बालिकागृहाचे उदाहरण घ्या. ती संस्था सरकारी अनुदानावर चालत होती, तिथे अधिकारी जात-येत होते, आणि मुलींवर भयंकर अत्याचार चालू होते. मग तपासणीचा उपयोग काय? पण हीच गोष्ट पुढे वाचावी. ते अत्याचार उघडकीला आले तेही एका पाहणीमुळेच. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ या गटाने बिहारमधल्या शंभराहून अधिक निवाससंस्थांचे सामाजिक परीक्षण केले आणि २०१८ मध्ये राज्य सरकारला अहवाल दिला, तेव्हा ते जगापुढे आले. आधीचे अधिकारी कार्यालयात बसून नोंदवह्या चाळत होते. हा गट मुलींजवळ जाऊन बसला. कुणाशी बोलायचे आणि काय पाहायचे, या एका गोष्टीने दोन तपासण्यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडले.

आपल्या मराठवाड्याने तर हा धडा स्वतःच्या अंगणात गिरवला आहे. राज्यात शाळांची तपासणी कित्येक दशके होत होती. साहेब येणार हे आधी कळायचे, फळे रंगवले जायचे, हजेरीपट नीट केले जायचे, चहापाणी व्हायचे आणि शेरा पडायचा. त्या सगळ्या वर्षांत पटावरची खोटी नावे कुणाला दिसली नाहीत. नांदेड जिल्ह्यात डॉ. श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना एकाच वेळी सगळ्या शाळांत पथके पाठवून, मुलांच्या बोटाला मतदानाची शाई लावून मोजणी झाली आणि पटावरचे विद्यार्थी व वर्गातले विद्यार्थी यांतला फरक उघडा पडला. त्यानंतर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली आणि कागदावरची लाखो मुले प्रत्यक्षात वर्गात नाहीत, हे सरकारलाच मान्य करावे लागले. यावरून शाळांची तपासणी बंद करावी असा निष्कर्ष कुणी काढला का? तारीख आधी कळू नये, कागदाऐवजी माणूस मोजावा, एका शाळेतली मुले दुसऱ्या शाळेत दाखवता येऊ नयेत, एवढाच साधा विचार त्यामागे होता. तो ज्येष्ठांच्या केंद्रांना जसाच्या तसा लागू पडतो.

बीड जिल्ह्याचेही एक उदाहरण आहे. ते मांडताना मन जड होते. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा, सोनोग्राफी केंद्रांची नोंदणी सक्तीची, प्रत्येक गर्भवतीचा अर्ज भरणे सक्तीचे, आणि अर्ज भरलेही जात होते. तक्रार मात्र येत नव्हती. कोण करणार? कुटुंबाची संमती, डॉक्टरचा फायदा आणि जिचे बरेवाईट व्हायचे तिला वाचाच नाही. २०१२ मध्ये परळीच्या एका खाजगी रुग्णालयात गर्भपाताच्या वेळी एका महिलेचा मृत्यू झाला आणि त्यानंतर राज्यभर केंद्रांच्या तपासणीला वेग आला. बैल गेला आणि झोपा केला. डे केअरमधल्या हेळसांडीची तुलना मी त्या गुन्ह्याशी करत नाही, तसे करणे अन्यायाचे होईल. पण ज्याच्यावर परिणाम होतो तोच बोलू शकत नसेल, तर तक्रारीची वाट पाहणारी व्यवस्था किती काळ आंधळी राहू शकते, हे बीडने पुरेसे पाहिले आहे.

तिसरा आक्षेप छोट्या केंद्रांचा. मोठ्या शहरातल्या मानकांची फूटपट्टी लावली तर परभणी, हिंगोली, अंबाजोगाईसारख्या ठिकाणी कुणी हे काम हाती घेणारच नाही. रॅम्प, नर्स, अग्निशमन, कॅमेरे यांचा खर्च दहा-बारा वृद्धांच्या शुल्कातून निघणार नाही. आणि केंद्र बंद झाले की त्या वृद्धांच्या वाट्याला पुन्हा कुलपाआडचे घर येईल. हे अगदी खरे आहे. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या गावांत दसरा-दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत म्हातारी माणसे नातवंडांना घेऊन एकटी राहतात. तिथे उद्या एखाद्या बचत गटाने समाजमंदिरात दुपारचे जेवण आणि चार तासांची सोबत सुरू केली, तर तिच्यावर पन्नास अटींचा बोजा टाकणे क्रूरपणाचे ठरेल. म्हणून मानके दोन-तीन पायऱ्यांची असावीत. चालते-फिरते, स्वतःची काळजी घेऊ शकणारे ज्येष्ठ जिथे पत्ते खेळायला आणि वर्तमानपत्र वाचायला जमतात, त्या विरंगुळा केंद्राला साधी नोंदणी पुरे. औषधे दिली जातात, डिमेन्शियाचे किंवा पॅरालिसिसचे रुग्ण घेतले जातात, तिथे मात्र परवाना आणि नियमित तपासणी यांत सूट नसावी, मग केंद्र कितीही लहान असो. आठ माणसांच्या केंद्रातही चुकीची गोळी तितकीच चुकीची असते.

केंद्रे बंद पडण्याची ज्यांना चिंता आहे, त्यांनी तर नियमित तपासणीचा आग्रह सर्वांत आधी धरला पाहिजे. तमिळनाडूतल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी मनोरुग्णांच्या एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ जण जळून मेले. तोवर तिथल्या दर्ग्याच्या परिसरात अशी गृहे वर्षानुवर्षे चालू होती, सर्वांना ठाऊक होती, आणि कुणी तिथे नेमाने जाऊन पाहत नव्हते. आगीनंतर आठवडाभरात तिथली सगळी गृहे बंद केली गेली आणि पाचशेहून अधिक रुग्णांना सरकारी ताब्यात हलवले गेले. त्यात बरी चालणारी गृहे नव्हती असे कोण म्हणू शकेल? ओल्याबरोबर सुकेही जळाले. जिथे नेहमीची देखरेख नसते, तिथे सरकारजवळ दोनच हत्यारे उरतात, दुर्लक्ष आणि कुलूप. त्रुटी दाखवणे, दुरुस्तीला मुदत देणे, पुन्हा येऊन पाहणे, गरज पडली तर एखाद्या खोलीपुरती किंवा नव्या प्रवेशापुरती बंदी घालणे, ही मधली सगळी वाट नियमित तपासणीतूनच तयार होते. आपल्याकडे मानसिक आरोग्य कायदा २०१७ ने मानसोपचार संस्थांची नोंदणी आणि दर तीन वर्षांनी परीक्षण बंधनकारक केले, ते एरवाडीनंतर सोळा वर्षांनी. ज्येष्ठांच्या केंद्रांसाठी आपणही अशाच एखाद्या दुर्घटनेची वाट पाहायची का?

‘सरकारची स्वतःची रुग्णालये आधी सुधारा, मग आम्हाला तपासा’ हे वाक्यही ऐकू येते. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात लागलेल्या आगीत दहा नवजात बालके दगावली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात रुग्ण होरपळले. हे आठवणाऱ्या माणसाला गप्प बसवण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण या दुर्घटनांतून निघणारी मागणी तपासणी कमी करा अशी असेल, की ती सरकारी इमारतींनाही लागू करा अशी? महापालिकेच्या जागेतले विरंगुळा केंद्र, अनुदानित वृद्धाश्रम आणि खाजगी डे केअर यांना एकच मोजमाप हवे. ‘घरातही हाल होतातच, तिथे कोण तपासतो’ या म्हणण्याचे उत्तर थोडक्यात देते. घरासाठी २००७ च्या कायद्यात न्यायाधिकरण आहे, १४५६७ ही हेल्पलाइन आहे, शेजारी आहेत; आणि शुल्क घेऊन जबाबदारी स्वीकारणाऱ्याकडून अधिक अपेक्षा करणे हे न्यायाचे आहे.

मराठवाड्यात तपासणी करायची तर तिला इथल्या हवेचे आणि पाण्याचे भान हवे. मुंबईत बसून तयार केलेल्या तपासणीसूचीत अग्निशामक नळकांडे असेल, असायलाच हवे. पण इथे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीत दुपारी दोन वाजता किती तापमान असते, हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. वीज गेल्यावर पंखे किती वेळ चालतात? म्हातारपणी तहान मंदावते, लघवीच्या गोळ्या चालू असतात, त्यात संडास गैरसोयीचा असेल तर माणूस आपणहून पाणी तोडतो; मग उन्हाळ्यात अशक्तपणा, बडबड, भोवळ. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे विसरायला आपल्याला अजून अवकाश आहे. टंचाईच्या दिवसांत केंद्रात वापरायचे पाणी किती आणि प्यायचे कुठून येते, हे पाहिलेच पाहिजे. यातले काहीही पाहायला मोठे यंत्र लागत नाही. एक थर्मामीटर, गोळ्यांच्या डब्यावरचे नाव आणि आतल्या गोळ्या जुळतात का ही नजर, संडासाचे दार बाहेरून उघडता येते का हे हाताने करून पाहणे, आणि चार-पाच ज्येष्ठांशेजारी चालकांना बाजूला ठेवून सावकाश गप्पा मारणे. ज्यांना बोलता येत नाही त्यांची नखे, ओठ, कपड्यांचा वास आणि टाचा पाहाव्यात. अनुभवी परिचारिकेला त्यातून सगळे कळते.

हे कोण करणार? समाजकल्याण कार्यालयांत माणसे अपुरी आहेत, हे खरे आहे. म्हणून पथकात नागरी आरोग्य केंद्राची परिचारिका, समाजकल्याणचा एक कर्मचारी आणि त्या केंद्राशी संबंध नसलेल्या ज्येष्ठ नागरिक संघाचा एक सदस्य असावा. कुठला सदस्य कुठे जाणार हे सोडत काढून ठरावे. वर्षातून किमान दोन भेटी, त्यांतली एक उन्हाळ्यात आणि एक जेवणाच्या वेळी. राज्य किंवा केंद्राचा कायदा होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी आणि जालना या महापालिका ज्येष्ठांच्या केंद्रांना जागा, भाड्यात सवलत किंवा करात सूट देत असतील, तर त्या करारातच न कळवता होणाऱ्या भेटीची आणि अहवाल दर्शनी भागात लावण्याची अट घालता येईल. खाजगी केंद्रांनी स्वखुशीने ही अट स्वीकारावी यासाठी ज्येष्ठ नागरिक संघांनी आपल्या सभासदांना एवढेच सांगावे, की आईला कुठेही ठेवण्याआधी मागच्या तपासणीचा अहवाल मागा, आणि तो नसेल तर जेवणाच्या वेळी, न सांगता, स्वतः एकदा जाऊन या.